समाजमाध्यमांमुळे लोकांना पूर आणि दुष्काळ खरोखर समजतात का?

आपत्ती घडली एवढे समाजमाध्यमांमुळे तत्काळ कळते. ती का घडली आणि तिने नेमके काय नेले, हे बहुधा कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमचे शेत परंडा तालुक्यात सीना नदीकाठी आहे. सप्टेंबर 2025 च्या पुरात पाण्याखाली गेलेल्या आमच्याकडच्या पुलाची चित्रफीत सगळीकडे फिरली, आणि पुण्यातल्या आमच्या दाजींनी ती कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकून लिहिले, की मराठवाड्याचे पांग एकदाचे फिटले. त्या वेळी काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात कुजत होते, विहीर गाळाने बुजली होती आणि नदीलगतच्या पट्ट्यातली काळी माती खरडून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला होता. पीक पुढच्या हंगामात घेता येते, पण आजोबांपासून शेणखत घालून राखलेली ती माती पुन्हा भरायची, तर कुठून तरी गाळ आणून ट्रॉल्यांच्या ट्रॉल्या रिचवाव्या लागतात, आणि तरीही पहिला कस लवकर येत नाही. याची चित्रफीत कोणी काढली नाही. पंचनामे सुरू झाले तेव्हा लोकांचे लक्ष दुसरीकडे गेले होते.

दुष्काळाच्या वाट्याला तर एवढेही येत नाही. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे सर्वांच्या लक्षात आहे. त्याआधी लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण आटत असताना त्याच खोऱ्यात ऊस उभा होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

पाऊस वाढला म्हणजे दुष्काळ संपला, हा दाजींचा जुना युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात एकूण पाऊस घटत असतानाच विस्तृत भागावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे पूर आणि टंचाई एकाच बदलातून येऊ शकतात.

धरणातून विसर्ग वाढल्याचा निरोप आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवरच मिळाला आणि त्यामुळे जनावरे वेळेत हलवता आली, हेही नमूद केले पाहिजे.

तुम्हाला खरी स्थिती जाणून घ्यायची असेल, तर पूरग्रस्त गाव ज्या महसूल मंडळात (म्हणजे महसूल खात्याने केलेल्या गावांच्या गटात) येते, तिथे 24 तासांत 65 मिलिमीटरची अतिवृष्टीची मर्यादा किती वेळा ओलांडली गेली ते पाहा, आणि नात्यातले कोणी तिथे राहत असेल, तर चित्रफीत पुढे पाठवण्याआधी त्यांना फोन करून जमिनीचे काय झाले ते विचारा. दाजींना मी हेच सांगत आलो आहे.