पेट्रोल स्विफ्टसाठी एअर फिल्टर: कंपनीचा, दीडशेचा लोकल की धुता येणारा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2019 ची पेट्रोल स्विफ्ट, 61 हजार किलोमीटर झालेली, रोज चंद्रपूर–घुग्घुस जाणं-येणं. सर्व्हिस सेंटर म्हणतं कंपनीचाच टाका. गॅरेजवाला दीडशेचा लोकल काढून दाखवतो. आणि मित्र सांगतो, पाच हजारांचा धुता येणारा लाव, ॲव्हरेज वाढेल आणि जन्माची कटकट मिटेल.

कागदी फिल्टरच घ्या. मारुतीचा जेन्युइन किंवा बॉश, प्युरोलेटर, एलोफिक असल्या नावाजलेल्या कंपनीचा, तुमच्या गाडीच्या पार्ट नंबरचा. तीन-चारशेत काम होतं. दीडशेचा नको आणि पाच हजारांचाही नको. घाई असेल तर उत्तर इथेच संपलं. पण तुमचा रस्ता कोळशाच्या ट्रकांचा आहे, म्हणून पुढचंही वाचा असं सुचवेन.

मी मेकॅनिक नाही. नगरला काकांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर अकरा वर्षं काढली आहेत. फिल्टर विकलेत, आणि विकलेले परत आलेलेही पाहिलेत.

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या भरून हवा, एका लिटरमागे. तुमची गाडी वीसचं ॲव्हरेज देते असं धरलं, तर दहा हजार किलोमीटरमध्ये साधारण साडेचार हजार घनमीटर हवा त्या वहीएवढ्या कागदी घडीतून जाते. त्या हवेतली धूळ म्हणजे नुसती माती नसते. तिच्यात वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात आणि ते लोखंडाहून कठीण असतात. ते आत गेले की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखं काम करतात. डोळ्यांना दिसणारा कचरा कुठलाही फिल्टर अडवतो. घात करतात ते पाच-दहा-वीस मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, कारण ऑइलच्या पातळ थरात नेमके तेच शिरतात.

म्हणून खोक्यावर '97 टक्के' आणि '99 टक्के' असं काही छापलेलं दिसलं तर फरक दोन टक्क्यांचाच आहे असं समजू नका. एक फिल्टर शंभरातले तीन कण आत सोडतो, दुसरा एक. म्हणजे इंजिनात तिप्पट धूळ.

पण काउंटरवर बसून मला जे कळलं ते कागदाबद्दल नव्हतंच, कडेबद्दल होतं. चहाची गाळणी कितीही बारीक असू द्या, कपाच्या काठावर नीट बसली नाही तर पावडर कपात उतरणारच. फिल्टरचंही तेच. भोवतीची मऊ रबरासारखी कड, फिल्टर ज्या डब्यात बसतो त्याच्या खोबणीत घट्ट दाबली गेली पाहिजे. स्वस्त मालात कागद बऱ्याचदा बरा असतो, पण कड कडक असते, किंवा उंचीला मिलिमीटर-दीड मिलिमीटर कमी. क्लिपा लागतात, झाकण बसतं, सगळं ठीक दिसतं, आणि हवा मात्र फटीतून जाते. हवा आळशी असते, सोपी वाट सोडत नाही.

हे माझ्याच गाडीत झालंय. दुकान घरचं असून! आमच्याकडे माल संपला होता, म्हणून बाहेरगावी एका दुकानातून एकशेवीसचा फिल्टर घेतला. आठ महिन्यांनी डबा उघडला तर फिल्टर बऱ्यापैकी स्वच्छ. मी खूश. मग सहज इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवलं, तर बोट तांबूस झालं. फिल्टर स्वच्छ होता कारण धूळ त्याच्यात जातच नव्हती, बाजूने जात होती. काका आठवडाभर गिऱ्हाइकांना ही गोष्ट सांगत होते, माझं नाव घेऊन.

तेव्हा घेताना नुसतं "स्विफ्टचा फिल्टर द्या" म्हणू नका. स्विफ्ट आपल्याकडे 2005 पासून आहे. 2011 ला बदलली, 2018 ला बदलली, 2021 ला पेट्रोल इंजिन बदललं, 2024 ला तर तीन सिलिंडरचं आलं. शिवाय 2020 पर्यंत डिझेलही होती. काउंटरवरच्या पोराला हे सगळं पाठ असेलच असं नाही. जुना फिल्टर काढून सोबत न्या आणि नव्याच्या शेजारी ठेवून बघा: लांबी-रुंदी, कडेची उंची, घड्यांची खोली. अंगठ्याने कड दाबा. ती दबून परत वर आली पाहिजे. घड्या सरळ आणि सारख्या अंतरावर हव्यात. कुठे दोन चिकटलेल्या, कुठे फाकलेल्या असा माल परत ठेवा. उजेडासमोर धरा, कागद आणि कड यांच्या जोडावर उजेडाचा ठिपका दिसता कामा नये.

जेन्युइनच्या नावाखाली डुप्लिकेटही भरपूर फिरतो. फिल्टर हा नक्कल करायला सगळ्यात सोपा पार्ट, कारण गिऱ्हाईक तो उघडून बघत नाही. छापील किमतीच्या निम्म्याने "ओरिजिनल" मिळत असेल तर तो ओरिजिनल नाही, एवढं गणित पुरे. खोक्यावरचा पार्ट नंबर, एमआरपीचं लेबल आणि होलोग्राम बघा, बिल घ्या. गाडी वॉरंटीत असती तर जेन्युइनच घ्या म्हटलं असतं, वाद कशाला. तुमची आता वॉरंटीबाहेर असणार, त्यामुळे नावाजलेल्या दुसऱ्या कंपनीचाही चालेल.

आता मित्राचा सल्ला. धुता येणारे फिल्टर म्हणजे तेल लावलेल्या कापसाच्या जाळीचे. त्यात के अँड एनचं नाव जास्त ऐकू येतं, कॅलिफोर्नियात 1969 साली सुरू झालेली कंपनी. वस्तू वाईट नाही. पण ती हवा सहज आत सोडण्यासाठी आहे, आणि तुमच्या गाडीला हवेची टंचाई नाहीच. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर म्हणजे मुळात हवेचं झाकण. रोजच्या चालवण्यात ते झाकण अर्धवटच उघडलेलं असतं. नळ अर्धा बंद ठेवून मागची पाइपलाइन रुंद केली तर धार वाढेल का?

ॲव्हरेजचंही तसंच. 2009 साली अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने मुद्दाम फिल्टर तुंबवून गाड्या तपासल्या. इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांमध्ये इंधनाच्या खपात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. गाडीतला कॉम्प्युटर आलेल्या हवेच्या मापाने पेट्रोल कमी करतो. फरक पडला तो पिकअपमध्ये. फिल्टर तुंबला की ॲव्हरेज बसतं ही समजूत कार्ब्युरेटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरविना पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या गाड्यांच्या, काळातली. ती तेव्हा खरी होती, आणि आमच्या वडिलांच्या पिढीकडून जशीच्या तशी आपल्याकडे आली. तुंबलेल्या फिल्टरने अडत नाही तर नवा टाकून वाढणार कुठून?

वर तो धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, मोजून तेल लावायचं. तेल कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर काही गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर त्याचा थर बसू शकतो. कोळशाच्या भुकटीच्या रस्त्यावर ही सेवा वारंवार करावी लागेल. पाच हजारांत कागदी पंधरा येतात. प्रत्येकी वीस हजार किलोमीटर धरा, तीन लाख किलोमीटर झाले. तोवर स्विफ्टच राहते का बघा.

बदलायचा कधी? बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत 30 ते 40 हजार किलोमीटर असं लिहिलेलं असतं, पण ते बऱ्या रस्त्यांसाठी. धुळीच्या रस्त्यांसाठी त्याच तक्त्याखाली वेगळी ओळ असते, ती कुणी वाचत नाही. तुमच्यासाठी मी पाच हजार किलोमीटरला उघडून बघणे आणि 15 ते 20 हजाराला बदलणे असं ठेवीन.

मात्र काळा दिसला म्हणून लगेच टाकून देऊ नका. नळाला बांधलेलं फडकं आठवा. नवं असताना त्यातून बारीक गाळ सुटतो, थोडा थर बसला की तेच फडकं जास्त चांगलं गाळतं. कागदी फिल्टरही कोरा असताना सगळ्यात कमी गाळतो. म्हणूनच दर सर्व्हिसला "हवा मारून देतो" म्हणणाऱ्यापासून सांभाळा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची पूर्ण दाबाची नळी कागदाला टेकवली की तंतू फाटतात, भोकं पडतात आणि वरून फिल्टर छान स्वच्छ दिसतो. मारायचीच असेल तर कमी दाबाने, वीतभर लांबून, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. एरवी जमिनीवर हलकेच आपटलं तरी भुकटी बरीच पडते. पाण्याने तर कागदी फिल्टर कधीच धुवायचा नाही. पावसाळ्यात भिजून फुगला असेल तर तो सरळ बाद.

अजून एक, बिलात "एअर फिल्टर" आणि "एसी फिल्टर" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा केबिनसाठी, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. तुमच्या भागात तोही लवकर भरणार, पण त्याने इंजिनाचं काही बिघडत नाही, बिघडलं तर तुमचं नाक.

बसवायचं काम घरीच करा, दहा मिनिटांचं आहे. जुना उचलण्याआधी डबा भोवतीने पुसून घ्या, नाहीतर तीच भुकटी पाइपात पडते. डब्याचा तळ ओल्या फडक्याने पुसा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी असेल तर तिथे उंदराचं घरटं सापडलं तरी दचकू नका, फार सामान्य गोष्ट आहे, फक्त वायरी कुरतडल्यात का तेही बघून घ्या. नवा बसवून झाकण दाबा आणि क्लिपा लावा. एखादी क्लिप जोर लावून बसवावी लागत असेल तर कड कुठेतरी दुमडली आहे, परत उघडा.

मग महिन्याभराने झाकण काढून इंजिनाकडच्या पाइपात आतून बोट फिरवा. काळं लागलं तर फोटो इथेच टाका, बघू.