खो-खो, फक्त आवाजातून

प्रश्न : खो-खोवरील तुमच्या मराठी पॉडकास्टला वर्ष झाले. दृश्याविना हा खेळ श्रोत्यांपर्यंत कसा पोहोचवता?

उत्तर : धावते वर्णन आम्ही लवकरच सोडले. आता एकच गडी कसा बाद झाला हे सावकाश उलगडतो : आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आठ जण, नववा पाठलागावर, आणि संरक्षकाने हूल देताच खांबाला धरून मारलेला सूर. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. तरीही, माझ्या मते, आमचे उत्तम भाग तालुक्यांतील प्रशिक्षकांशी झालेल्या गप्पांचे आहेत, कारण गडी घडतो तो त्यांच्याच मैदानांवर.