खेळ सर्कशीचा, जागा संग्रहालयाची

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या संग्रहालयात जुन्या सर्कशींची छायाचित्रं, जाहिरातपत्रकं आणि एक खोगीर मांडणार आहोत. त्याच दालनात कॉलेजच्या मुलांचा २० मिनिटांचा सर्कशीचा खेळ ठेवायचा आहे. दालन ३० बाय २२ फूट, छत ११ फूट, फरशी पॉलिश केलेल्या कडाप्प्याची. लांब भिंतींना काचेची कपाटं आहेत. काय बसेल?

उत्तर : घोड्याच्या सर्कशीचं रिंगण ४२ फूट व्यासाचं असतं. घोडा या गोलात धावताना आत कलतो आणि त्यावर उभा स्वार टिकतो. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये सर्कस काढली ती घोडेस्वारीच्या बळावरच, त्यामुळे खोगीर मांडताय हे उत्तम. तुमच्याकडे मात्र सुती दोराचं १२ फुटी रिंगणच बसेल. ते मधोमध घ्या, प्रेक्षक एका आखूड बाजूला सतरंजीवर बसवा आणि कलाकार समोरच्या बाजूने येऊ द्या.

चेंडू उडवणाऱ्याचं तोंड प्रेक्षकांकडे हवं. नवशिक्याचे चेंडू नेहमी पुढे पळतात. तोंड कपाटाकडे असेल तर ते काचेवर जातील. रबरी चेंडू कपाटाखाली जाऊन बसतो, म्हणून भरलेले कापडी चेंडू घ्या, साधारण १२५ ग्रॅमचे. पण आत बाजरी भरू नका. धान्याला किडे लागतात, आणि संग्रहालयाला कीड परवडत नाही. प्लॅस्टिकचे दाणे भरा. पंखा बंद ठेवा. उंच काठ्यांवर चालणं वगळा, कारण दोन फुटी काठ्यांवरच्या माणसाने हात वर केला की तो पंख्याला लागतो.

नळीवरची फळी, म्हणजे आडव्या नळीवर फळी ठेवून तिच्यावर उभं राहत तोल सांभाळणं, हा छोट्या जागेचा राजा. फळी ३० बाय ११ इंचांची, १८ मिमी प्लायवूडची. खालून दोन्ही टोकांना इंचभर जाड पट्टी ठोका, नाहीतर नळी फळीखालून निसटते. नळीसाठी पातळ पीव्हीसी पाइप तडकतो, जाड घ्या. सरावाला ४ इंच व्यास पुरे. कडाप्प्यावर नळी लोळण्याऐवजी घसरते, म्हणून खाली रबरी चटई लागेलच. तोल गेला की माणूस एका अंगाला पडतो आणि फळी उलट्या अंगाला सुटते. त्यामुळे फळीची टोकं काचेकडेही नकोत आणि प्रेक्षकांकडेही नकोत. ती दालनाच्या कोपऱ्यांकडे तिरकी मांडा आणि आधाराला एक मुलगा समोर उभा ठेवा.

झुल्याचा मोह सोडा. पंख्याचा हूक पंख्यापुरताच असतो. दोर आडवा असताना सुटलेल्या झोक्यात तळाशी दोरावर वजनाच्या तिप्पट ताण येतो, म्हणजे ६० किलोच्या मुलीचा १८० किलो.

प्रश्न : जोकराचा पांढरा रंग, चमकी, धूर, फुगे चालतील?

उत्तर : रंग चालेल, पण पावडर बाहेर अंगणात लावा. तेलकट हात कपाटाला लागू देऊ नका. चमकी, कागदाचे तुकडे, धूर, आग, पीठ हे काहीच नको. चमकी तर वर्षभर फटींतून निघत राहते. जुन्या कागदावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नसावा, तेव्हा हॅलोजन पत्रकांकडे वळवू नका. स्पीकर कपाटावर ठेवू नका, काच थरथरते. फुगा फुटला की कोणी ना कोणी मागे सरतंच, आणि मागे कपाट असतं.

प्रश्न : शाळेतली लहान मुलं, किंवा एखादा प्राणी घ्यावा का?

उत्तर : प्राणी नकोच. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांवर १९९८ पासून बंदी आहे. घोडा चादरीखाली दोन मुलं घालून करा, हसू जास्त येतं. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना कलाकार म्हणून सवलत दिली, पण सर्कस तीतून वगळली. शाळेच्या कार्यक्रमाला ते कसं लागू होईल याचा काथ्याकूट करण्यापेक्षा चौदाच्या वरचीच मुलं घ्या. लहानग्यांना तिकिटं फाडायला बसवा.