सोन्याचा शिंतोडा आणि मुलीची पीएचडी

प्रश्न : माझी मुलगी भौतिकशास्त्रात एमएससीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘अव्यवस्थित धातूंमधील स्पिन-ऑर्बिट स्कॅटरिंग आणि विद्युत रोध’ असा प्रकल्प तिने घेतलाय आणि पीएचडीही त्यातच करायची म्हणते. मी वाणिज्य शाखेचा माणूस. पण तारेचा रोध, ओहमचा नियम हे शाळेतच शिकवून संपतं ना? त्यात संशोधन करण्यासारखं उरलंय काय? आणि नोकरीचं काय? तिचा मामा म्हणतो, हे सगळं सोड आणि डेटा सायन्सचा कोर्स कर.

उत्तर : ‘उरलंय काय’ हे तुम्ही वैतागून विचारलं असेल, पण प्रश्न चांगला आहे. आधी त्याचंच उत्तर देतो.

शाळेतल्या चित्रात इलेक्ट्रॉन म्हणजे गोट्या. धातूतल्या अशुद्ध अणूंवर आणि दोषांवर त्या आपटतात. आपटणं जितकं जास्त, तितका रोध जास्त. पण इलेक्ट्रॉन लाटही असतो, आणि अतिथंड धातूत ही लाट शेकडो धडका खाऊनही आपली लय सोडत नाही. आता एखादी वाट वेडीवाकडी फिरून निघाली तिथेच परत आली असं समजा. त्या वाटेने लाट दोन्ही दिशांनी फेरी मारते. अंतर तेच, धडका त्याच, त्यामुळे परतताना दोन्ही लाटा जुळतात आणि इलेक्ट्रॉन मूळ जागी येण्याची शक्यता साध्या हिशेबाच्या दुप्पट होते. पुढे सरकण्याऐवजी घुटमळणं वाढलं की रोध किंचित वाढतो. याला वीक लोकलायझेशन म्हणतात. याची मुळं फिलिप अँडरसन यांच्या 1958 च्या कामात आहेत. पातळ थरांत हा परिणाम कसा दिसेल, ते 1979 मध्ये अब्राहम्स, अँडरसन, लिचियार्डेलो आणि टी. व्ही. रामकृष्णन या चौघांनी दाखवलं.

तुमच्या मुलीचा विषय इथून पुढचा. इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, म्हणजे चिमुकल्या चुंबकासारखा एक अंगभूत, दिशा असलेला गुण. जड अणूवर धडकताना त्या स्पिनला थोडा पीळ बसतो, म्हणजे त्याची दिशा थोडी वळते. हेच स्पिन-ऑर्बिट स्कॅटरिंग. अणुअंक वाढतो तसा हा पीळ झपाट्याने वाढतो : मॅग्नेशियमचा अणुअंक 12, सोन्याचा 79. सुलट फेरीत स्पिन जितका वळतो, उलट फेरीत तो तितकाच विरुद्ध बाजूला वळतो. त्यात स्पिनचा एक विचित्र स्वभाव आड येतो. 360 अंश फिरवला तरी तो जसाच्या तसा होत नाही, त्याचं चिन्ह बदलतं. असे सगळे पीळ लक्षात घेऊन सरासरी काढली, तर परतणाऱ्या दोन लाटा आता एकमेकींना खोडू लागतात. रोधात पडलेली ती छोटी भर वजाबाकी होते. हे वीक अँटीलोकलायझेशन. त्याचं गणित हिकामी, लार्किन आणि नागाओका यांनी 1980 मध्ये मांडलं.

मला स्वतःला या गोष्टीतला सर्वांत आवडणारा भाग 1982 चा आहे. गर्ड बर्गमन यांनी मॅग्नेशियमचा पातळ थर हेलियमच्या थंडीत ठेवून त्याचा रोध चुंबकीय क्षेत्रात मोजला. चुंबकीय क्षेत्र त्या दोन लाटांची जुळणी मोडतं, म्हणून रोध उतरला. मग त्याच थरावर त्यांनी सोनं शिंपडलं, तेही अणूंच्या एका पूर्ण थराच्या काही शतांशच. आलेख फिरला. आता क्षेत्र लावलं की रोध आधी वाढू लागला. सोनं घातल्याने धातूचा एकूण रोध कमी झाला, असा अर्थ मात्र काढू नका. एकूण रोधातला लाटांमुळे येणारा तो बारीकसा वाटा तेवढा उलटा झाला. (मुलीला हा फरक विचारून बघा. नीट सांगता आला तर विषय तिला कळलाय.)

तो वाटा किती बारीक? शंभर ओहमच्या थरात साधारण दशांश ओहमच्या घरातला. म्हणजे हजारात एखाद-दोन भाग. तुमच्या निर्णयाच्या दृष्टीने या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच, कारण हे करिअर हुशारीइतकंच स्वभावावर चालतं. विद्यार्थी असताना एका मोजणीत आलेल्या सुंदर चढ-उतारांवर मी तीन आठवडे आनंदात होतो. निघाली ती सैल जोडणी. त्या दिवशी मला घरी जावंसं वाटलं आणि माझ्या सहकाऱ्याला जोडणी पुन्हा सोल्डर करावीशी वाटली. तो संशोधनात राहिला, मी समुपदेशनात आलो. तुमची मुलगी या दोघांतली कोण, हे तिला प्रकल्पाच्या सहा महिन्यांत कळेल. तोवर पीएचडीचं हो किंवा नाही कुणी बोलू नये, तुम्हीही नाही.

आता नोकरी. ‘स्पिन-ऑर्बिट तज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात कुठेच येत नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, पुढे पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदांची, अनिश्चितता असते आणि कायम प्राध्यापकपद थोड्यांनाच मिळतं. हे तिला आधीच माहीत असलेलं बरं. पण हात रिकामे राहत नाहीत. निर्वात यंत्रणेत नॅनोमीटर जाडीचे थर बनवणं, क्रायोस्टॅट (नमुना अतिथंड ठेवणारं यंत्र) चालवणं, लॉक-इन ॲम्प्लिफायरने गोंगाटातून क्षीण सिग्नल वेचणं, हे सेमीकंडक्टर उद्योगाला लागतं आणि क्वांटम संगणकाच्या प्रयोगशाळांनाही. शिवाय स्पिनला पीळ घालण्याची जड धातूंची ही ताकद आता कामाला लावली जातेय : प्लॅटिनम, टंगस्टनसारख्या धातूंतून प्रवाह सोडून चुंबकीय मेमरीतला बिट पलटवण्यासाठी.

गाइड निवडताना मात्र विषयापेक्षा प्रयोगशाळा बघा. द्रव हेलियम नियमित मिळतं का, एका क्रायोस्टॅटवर किती विद्यार्थी रांगेत आहेत, आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली आणि ते आज काय करतात, हे तिने गाइडना नाही, तिथल्या विद्यार्थ्यांना विचारावं. चहाच्या वेळी खरं कळतं.

राहिला मामांचा कोर्स. आत्ता पैसे भरू नका. प्रकल्पात तिला शेकडो वक्र हिकामी-लार्किन-नागाओका सूत्राला जुळवून त्यातून इलेक्ट्रॉन आपल्या स्पिनची मूळ दिशा किती अंतरात विसरतो ते काढावं लागेल, आणि ते ती बहुधा पायथॉनमध्येच करेल. जूनपर्यंत तो कोड तिच्या हातचा झाला, की कोर्सची गरज उरलीय का ते मामांनीच तो पाहून ठरवावं.