बर्फाखालचे व्हेल कसे मोजले?

प्रश्न : अलास्कातल्या इन्युपिआट या मूळ रहिवासी जमातीच्या शिकाऱ्यांनी बोहेड व्हेलच्या सरकारी मोजणीला आव्हान दिलं होतं. ते खरे कसे ठरले?

उत्तर : १९७७मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने शिकारीवर बंदीचा निर्णय घेतला, तेव्हाचा अंदाज जेमतेम २,०००पर्यंतचा. निरीक्षक बर्फाच्या कडेवर बसून मोकळ्या पाण्यातले व्हेल तेवढे मोजत. बर्फामधली मोकळ्या पाण्याची वाट गोठली की नोंद शून्य! शिकारी सांगत, व्हेल बर्फाखालूनही जातात आणि पातळ बर्फ डोक्याने फोडून श्वास घेतात. मग कडेलगत पाण्यात अनेक हायड्रोफोन (पाण्याखालचे मायक्रोफोन) सोडले. व्हेलची एकच हाक प्रत्येक हायड्रोफोनपर्यंत किती वेळाच्या फरकाने पोचते, त्यावरून व्हेलची जागा निघाली. २०११चा अंदाज १६,०००वर गेला. (यातली बरीचशी वाढ खरी, सगळी मोजणीतली नव्हे.) आता किनाऱ्याला धरलेला बर्फच पातळ होतोय, त्यावर निरीक्षक बसवणं धोक्याचं.