छोटे वायर वेल्डिंग मशीन घरी कसे लावावे, आणि त्याच खोलीत टॉवेलचे गठ्ठे असतील तर चालेल का?

आपण लिहिले आहे की २०० अँपिअरचे सिंगल फेज मशीन घेतले आहे, त्यासोबत गॅसविना चालणारी ०.८ मिलिमीटरची वायर मिळाली आहे, पुढच्या खोलीत रॅक आणि खिडकीच्या जाळ्या करायच्या आहेत, आणि मशीन कसे लावावे व सुरक्षितपणे कसे चालवावे हे समजून घ्यायचे आहे. शेवटच्या ओळीत आपण सहज विचारले आहे, ‘खोलीत टॉवेलचे गठ्ठे असतात, ते एका बाजूला सरकवले तर चालेल ना?’ बाकीच्या प्रश्नांची उत्तरे आपल्याला कोणीही देईल. मी लिहायला बसलो तो त्या शेवटच्या ओळीमुळे. चालणार नाही. गठ्ठे सरकवायचे नाहीत, खोलीबाहेर काढायचे. ते शक्य नसेल तर मशीन अंगणात किंवा गच्चीवर न्यायचे.

मशीनविषयी आधी थोडक्यात सांगतो. गॅसविना चालणारी वायर आतून पोकळ असते आणि तिच्या पोटात फ्लक्सची, म्हणजे जळून झाळीला हवेपासून झाकणारी, पूड असते. या वायरीसाठी टॉर्च (हातात धरायचा, वायर बाहेर सोडणारा दांडा) निगेटिव्हला आणि अर्थचा क्लॅम्प (लोखंडाला लावायचा चिमटा) पॉझिटिव्हला लागतो. सीओटू गॅसवर चालणाऱ्या भरीव वायरीला नेमके याच्या उलट लागते. बहुतेक मशीनमध्ये ही अदलाबदल बाजूच्या झाकणाच्या आत किंवा समोरच्या टर्मिनलवर करता येते, परंतु मशीन विकणारा ती करून देतोच असे नाही. जोडणी चुकली की शिंतोडे भरमसाट उडतात, झाळीला अनारशासारखी जाळी पडते, आणि नवीन माणूस आपला हात बसलेला नाही असे समजून आठवडाभर हातालाच दोष देत राहतो. वायर पुढे ढकलणाऱ्या रोलरचा दाब बेताचा ठेवावा, कारण पोकळ वायर जास्त दाबाने चेपते आणि टॉर्चच्या तोंडाशी असलेल्या टिपमध्ये अडकते. टॉर्च तिरका धरून वायर लाकडी फळीवर सोडून पाहावी. ती न घसरता, न अडखळता गोल वळत गेली तर दाब बरोबर आहे. वायर पहिल्यांदा ओढताना टिप काढून ठेवावी, केबल सरळ पसरावी, आणि टॉर्चचे तोंड चेहऱ्याकडे किंवा तळहाताकडे कधीही करू नये. बटण दाबले की त्या वायरीत करंट असतो, आणि तिचे कापलेले टोक सुईसारखे बोटात शिरते.

व्होल्टेज आणि वायरीचा वेग यांचा मेळ हातालाच कळतो. वेग जास्त असेल तर वायर लोखंडावर आपटून टॉर्च मागे ढकलते. वेग कमी किंवा व्होल्टेज जास्त असेल तर वायर मागे जळत येऊन टिपला चिकटते. दोन्हींच्या मध्ये एकसारखी चरचर ऐकू येते, तीच धरून ठेवायची. टिपपासून वायर सुमारे १५ मिलिमीटर बाहेर असावी. १ मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्यावर ही वायर वापरून जीव मेटाकुटीला आणू नये, तिथे भोकच पडते.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. साधारण पंधरा वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या एका कारखान्यात आम्ही दोघे भाऊ बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेले मागाचे मोठे रूळ) ठेवण्याचे स्टँड करायला गेलो होतो. मागांना सुट्टी होती. मागाची चौकट बीडाची असते, तिला आम्ही हात लावणार नव्हतो. भिंतीलगत ४० मिलिमीटरच्या अँगलचे दोन स्टँड उभे करून त्यांना तिरके आधार द्यायचे, एवढेच काम होते. मागाच्या शेडमध्ये ज्यांनी पाऊल टाकले आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे कापसाचे बारीक तंतू सगळीकडे बसलेले असतात: मागाखाली, पाइपांवर, दिव्यांच्या पट्ट्यांवर, भिंतीच्या खाचांमध्ये. रोज झाडले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा बसतात. आम्ही कामाच्या जागेभोवती झाडून घेतले, पाणी शिंपडले, आणि तयार टॉवेलचे गठ्ठे सात-आठ पावले पलीकडे, लाकडी फळ्यांच्या ओट्यावर सरकवले. आपण आज जे विचारता आहात, नेमके तेच आम्ही केले होते.

साडेपाचला शेवटचा आधार जोडून झाला. वरच्या बाजूची झाळ मारताना एक मोठा शिंतोडा ओट्याच्या दिशेने जाऊन फळीवर दोनदा उसळलेला मी पाहिला होता. चेहऱ्यासमोरची काळी काच वर करून मी त्या बाजूला गेलो, वाकून पाहिले, काही दिसले नाही. धूर नव्हता, वासही नव्हता. तरीही मी थोरल्या बंधूंना म्हणालो, ‘अण्णा, अर्धा तास बसून जाऊ.’ त्यांना संध्याकाळी साखरपुड्याला पोहोचायचे होते आणि टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत होता. ते म्हणाले, ‘काय होत नाही बे, पाणी मारलंय की. चल.’ मी मशीन उचलले आणि त्यांच्या मागे निघालो. तिथे मी हट्ट धरायला हवा होता, तो धरला नाही.

रात्री नऊच्या सुमारास कारखान्याच्या मालकांचा फोन आला. राखणदाराला खिडकीतून धूर दिसला आणि त्याने शेजारच्या कारखान्यातील माणसांना हाका मारून पाइप लावला, म्हणून शेड वाचली. दोन गठ्ठे, ओटा आणि जवळच्या मागावरचा ताणा जळाला. कोणालाही इजा झाली नाही. नुकसान आमच्या मजुरीतून आणि पुढच्या दोन कामांतून वळते झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच तिथे गेलो. त्या सकाळी जे पाहिले त्यावरून अण्णांचा आणि माझा वाद आजतागायत चालू आहे. ते म्हणतात की आग जुन्या वायरिंगमुळे लागली. वेल्डिंगची ठिणगी पडली असती तर ती तेव्हाच पेटली असती, साडेतीन तास वाट पाहत बसली नसती. मी जळलेल्या ओट्यापुढे गुडघ्यांवर बसून पाहिले. भिंत आणि फळ्या यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती, आणि तिच्यात वर्षानुवर्षांचे तंतू दाबून बसलेले होते. त्या फटीत जमिनीलगत काळा मार्ग दिसत होता, बोटाएवढा अरुंद, हातभर लांब, थेट गठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला. तिथून वर मात्र जळालेला भाग पंख्यासारखा फाकला होता. भिंतीवरच्या पट्टीतील वायरी खालून धुराने काळ्या झाल्या होत्या, परंतु त्यांचे आवरण शाबूत होते. मार्गाच्या सुरुवातीला राख बोटाने बाजूला केली तेव्हा लोखंडाची एक गोळी सापडली, मोहरीहून थोडी मोठी, निळसर काळी, एका बाजूने चपटी. ती मी खिशात घातली. शिवाय मागांचा मेन स्विच त्या दिवशी मीच खाली केला होता आणि आमच्या मशीनसाठी लाइन ऑफिसच्या बोर्डावरून घेतली होती. अण्णा म्हणतात की दिव्यांची लाइन चालू होती. होती, पण ती छताला होती आणि आग जमिनीवरून वर गेली.

ठिणगी साडेतीन तास कशी टिकते, हे त्यांना न पटण्याचे कारण एवढेच की लाकूड किंवा कागद पेटलेला माणसाने पाहिलेला असतो, कापूस धुमसताना पाहिलेला नसतो. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते, आणि तेवढ्या थोड्या हवेवर तो ज्वाळेशिवाय, जवळजवळ धुराशिवाय, आतल्या आत जळत सरकतो. घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यात हे तासन् तास चालते, आणि मोकळी हवा भेटली की एकदम ज्वाळा होते. वरून शिंपडलेले पाणी गठ्ठ्याच्या अंगावरून ओघळून जाते, पोटात पोहोचत नाही. वेल्डिंगच्या आणि ग्राइंडरच्या ठिणग्या १० मीटरपेक्षाही लांब जातात, जमिनीवर उसळतात, दाराखालच्या फटीतून पलीकडच्या खोलीत जातात. आमचे गठ्ठे सात-आठ पावलांवर होते. आपल्या पुढच्या खोलीची लांबी याहून जास्त असेल असे मला वाटत नाही.

म्हणून माझ्या कामाच्या जागी नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही: शेवटची झाळ मारल्यानंतर एक तास जागा सोडायची नाही. त्या तासात हत्यारे पुसावीत, झाळीवरची मळी ठोकून काढावी, नोझल साफ करावे. पण दर दहा मिनिटांनी उठून कोपरे, फटी आणि पोती पाहावीत, आणि उघडा हात त्यांच्याजवळ नेऊन ऊब लागते का ते तपासावे. घरी काम असेल तर झोपण्यापूर्वी आणखी एक फेरी मारावी. अण्णांना आजही हा तास फुकट गेलेला वाटतो आणि ग्राहकाकडून त्याचे पैसे मिळत नाहीत असे ते म्हणतात. मी तो तास मजुरीत धरतो आणि ग्राहकाला तसे सांगतो. एकाही ग्राहकाने त्यावरून काम काढून घेतलेले नाही.

आपल्या सोलापूरच्या हवेमुळे आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. मशीनवर ‘६० टक्के’ अशी जी ड्यूटी सायकल लिहिलेली असते तिचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे काम, परंतु हे माप साधारणपणे ४० अंश सेल्सिअस तापमान धरून दिलेले असते. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली आपण त्याच्या वर असतो, तेव्हा मशीनला जास्त विश्रांती द्यावी, आणि मशीनचा पंखा कापसाचे तंतू आत ओढतो म्हणून प्लग काढून ते महिन्यातून एकदा हवेने झटकावे. पुढे कधी सीओटूचा सिलिंडर घेतलात तर तो सावलीत, उभा आणि साखळीने बांधून ठेवावा. उन्हात त्याच्यातील दाब फार वाढतो. दुसरी गोष्ट घामाची. कोरड्या कातडीला जे व्होल्टेज जाणवत नाही ते घामाने भिजलेल्या अंगाला झटका देते. ओल्या बनियनवर, अनवाणी किंवा चपलांवर वेल्डिंग करू नये. हातमोजे कोरडे आणि चामड्याचे असावेत, कपडे पूर्ण बाह्यांचे आणि सुती असावेत, टेरिकॉट नको, कारण ते वितळून अंगाला चिकटते. पाण्याची बादली जवळ हवीच, पण काम चालू असताना पायाखाली ओल नको. विजेचा प्लग काढल्याशिवाय पाणी मारू नये, आणि बोर्डापाशी आग लागली तर तिथे पाणी मुळीच नको, पावडरचे अग्निशामक हवे.

लाइन मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरला पुरेल अशा सॉकेटवरून, बोर्डापासून वेगळी ओढलेली असावी, अर्थिंग खरे असावे आणि ३० मिलीअँपिअरचा गळती ब्रेकर असावा. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेली ठेवून मशीन चालवू नये, ती तापते. अर्थचा क्लॅम्प झाळीच्या शक्य तितक्या जवळ, रंग आणि गंज घासून उघड्या केलेल्या लोखंडावर लावावा. त्या दिवशी अण्णांनी तो दाराजवळच्या खांबाला लावला होता, ‘लोखंड सगळं एकच’ असे म्हणून. ते एक नसते. करंटला परतण्यासाठी चांगला मार्ग मिळाला नाही की तो बेअरिंगमधून, साखळीतून, इमारतीच्या अर्थच्या वायरीतून जातो आणि सैल सांध्यापाशी ती जागा तापवतो. तेव्हा आग वायरिंगने लागली असे क्षणभर धरले तरी त्या वायरिंगमधून करंट पाठवणारे आम्हीच होतो, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे.

जाळ्यांसाठी जीआय पाइप वापरणार असाल तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढावा आणि काम उघड्यावर करावे. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. एरवी तो दिवसा-दोन दिवसांत उतरतो, पण श्वासाला त्रास झाला तर दवाखाना गाठावा. बंद पिंप, रंगाचा किंवा तेलाचा जुना डबा यांना झाळ मारू नये, कितीही धुतला असला तरी. चेहऱ्यासमोरची काळी काच ११ नंबरची असावी. शेजारची मुले बघायला जमतात, त्यांच्या आड पत्रा उभा करावा. त्यासाठी चादर टांगू नये, ठिणगी तिथेच धरेल. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचू लागले तर दूध किंवा गुलाबपाणी घालत बसू नये, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

ती गोळी अजून माझ्याजवळ डबीत आहे. अण्णांनी ती आजवर हातात घेतलेली नाही.

एक-दोन गोष्टी राहिल्या. वर दिलेली मापे माझ्या हाताची आहेत. आपल्या मशीनच्या झाकणाच्या आत तक्ता चिकटवलेला असेल तर सुरुवात त्यावरून करावी. घराचे वायरिंग जुने असेल तर मशीन लावण्यापूर्वी वायरमनला दाखवावे. घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू मशीनजवळ येऊ नये.