मी फक्त आलेले पुढे पाठवतो. मग समाजमाध्यमांवरील जबाबदारी माझी कशी?

तुम्ही विचारले आहे की, “मी समाजमाध्यमांवर स्वतःचे असे फारसे लिहीत नाही, आलेले तेवढे पुढे पाठवतो, मग नैतिक आणि जबाबदार वागण्याचा प्रश्न मला कितपत लागू होतो?” माझ्या मते तो तुम्हालाच सर्वांत जास्त लागू होतो. खोटा मजकूर लिहिणारा एखादाच असतो. त्याला घरोघरी पोहोचवण्याचे काम आपल्यासारखी सज्जन माणसे बिनपगारी करत असतात. मराठीत कोणीतरी फॉरवर्डला ‘ढकलपत्र’ असा शब्द काढला आहे. तो थट्टेने काढला असला तरी नेमका आहे, कारण मजकुराबरोबर आपण जबाबदारीही पुढे ढकलत असतो.

काही वर्षांपूर्वी एका हरवलेल्या मुलाचा फोटो माझ्याकडे आला. खाली वडिलांचा मोबाइल क्रमांक होता आणि कृपया जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा अशी विनंती होती. मी तो लगेच सहा ग्रुपवर टाकला आणि, खरे सांगायचे तर, काहीतरी चांगले केल्याचे समाधानही मानून घेतले. दुसऱ्या दिवशी माझ्या एका परिचितांनी त्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा कळले की मुलगा हरवला त्याच दिवशी संध्याकाळी सापडला होता आणि त्या गोष्टीला दोन वर्षे उलटून गेली होती. वडील चिडले नाहीत, पण त्यांच्या आवाजात कंटाळा होता. अजूनही आठवड्यातून चार-पाच फोन येतात, नंबर बदलायचा तर बँकेपासून सगळीकडे तो बदलावा लागेल, आणि शाळेतली मुले माझ्या मुलाला ‘हरवलेला’ म्हणून चिडवतात, असे त्यांनी सांगितले. संदेशात तारीख नव्हती, आणि ती नाही हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

तेव्हापासून मी पुढे पाठवण्याआधी सर्वप्रथम तारीख शोधतो. मग हे मूळ कोणी म्हटले आहे ते पाहतो. ‘एका डॉक्टरांनी सांगितले’ किंवा ‘आतल्या गोटातून कळले’ याला मी नाव मानत नाही. फोटो असेल तर तो गूगलच्या प्रतिमाशोधात टाकतो. कालच्या पुराचा म्हणून आलेला फोटो भलत्याच देशातला आणि कित्येक वर्षांपूर्वीचा निघतो, हे अर्ध्या मिनिटात समजते. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण असलेला संदेश अनेक हातांतून फिरून आलेला असतो. असे संदेश एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतात. ही अडचण मुद्दाम निर्माण केलेली आहे, आणि मला ती उपकारासारखी वाटते.

याहून कठीण भाग आपल्या स्वभावाचा आहे. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या, तेव्हा खोट्या बातम्या पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता खऱ्यांपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त असल्याचे दिसले. यंत्रचलित खाती हिशेबातून वगळली तरी निष्कर्ष तोच राहिला. खोट्यात नवलाई असते आणि नवल दुसऱ्याला सांगितल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. म्हणून एखादा मजकूर वाचताच संताप आला किंवा ‘मी म्हणतच होतो!’ असे वाटले, तर तेवढ्यापुरता फोन खाली ठेवावा. मी स्वतः तासभर थांबतो, आणि त्या तासात निम्म्याहून अधिक गोष्टी पाठवण्याची इच्छाच उरत नाही.

संतापातून होणारे नुकसान कुठवर जाते हे २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांनंतर दिसले. रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावर लोकांनी फोटो ताडून पाहत स्वतःच तपास सुरू केला आणि एका बेपत्ता विद्यार्थ्यावर बोट ठेवले. त्याचा स्फोटांशी काडीचाही संबंध नव्हता. आधीच त्याच्या शोधात असलेल्या कुटुंबाला शिव्याशाप ऐकावे लागले, आणि पुढे त्याचा मृतदेह सापडला. रेडिटने जाहीर माफी मागितली. त्या गर्दीतल्या बहुतेकांनी फक्त एक दुवा पुढे पाठवला होता, तुमच्या-माझ्यासारखाच.

दुसऱ्याचा फोटो किंवा खासगी गप्पांचा स्क्रीनशॉट त्याला विचारल्याशिवाय टाकू नये, हे बहुतेकांना माहीत असते, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. लहान मुलांचे तेवढे लक्षात ठेवा: आज त्यांच्या वतीने होकार देणारे आपण असतो, आणि मोठेपणी ते फोटो वागवायचे असतात त्यांना.

आता चूक झालीच तर काय करायचे? गुपचूप डिलीट करून मोकळे होणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, शिवाय त्याने साधत काहीच नाही, कारण तुम्ही पुसलेला संदेश इतरांनी पुढे पाठवलेल्या प्रतींतून पुसला जात नाही. चूक ज्या ज्या ग्रुपवर गेली तिथे दुरुस्तीही गेली पाहिजे. मी त्या सहाही ग्रुपवर लिहिले: “काल मी टाकलेला हरवलेल्या मुलाचा संदेश दोन वर्षांपूर्वीचा आहे. मुलगा त्याच दिवशी सुखरूप घरी पोहोचला आहे. कृपया त्या क्रमांकावर फोन करू नका, आणि ज्यांना तो पाठवला असेल त्यांनाही हे कळवा.” लिहिताना कानकोंडे व्हायला झाले. तीन ग्रुपवर कोणी काही बोलले नाही, दोन ठिकाणी अंगठे आले, आणि सहाव्या ग्रुपवर एका काकांनी लिहिले की त्यांनी तो संदेश आणखी अकरा जणांना पाठवला होता आणि आता ते त्या सगळ्यांना एकेक करून कळवत आहेत.